इजिप्तच्या ममीवर प्रकल्प करायचाय? हृदयापासून सुरुवात करा

‘प्राचीन इजिप्त : थडगी, ममी आणि मरणोत्तर जीवन’ असा विषय मिळाला की मुलं आधी पिरॅमिडचं चित्र चिकटवतात आणि त्याच्याच शेजारी तुतनखामेन या राजाचा सोन्याचा मुखवटा. घोटाळा तिथेच होतो. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा. तुतनखामेन त्यानंतर बाराशेहून जास्त वर्षांनी वारला आणि त्याला पुरलं लक्सरजवळच्या ‘राजांच्या दरी’त, डोंगर खोदून केलेल्या थडग्यात. तेव्हा पहिलं काम हे : वहीत आडवी कालरेषा आखा आणि जे वाचाल ते तिच्यावर टाका.

मग प्रश्न निवडा. ‘ममी कशी बनवत?’ हा नको; त्याचं उत्तर सगळ्यांच्या वहीत सारखंच असतं. त्यापेक्षा विचारा, मेंदू बऱ्याचदा नाकावाटे काढून टाकत, मग हृदय मात्र शरीरातच का ठेवत? या एका प्रश्नामागे गेलात की बाकीचं आपोआप हाती येतं. इजिप्शियन लोकांच्या मते बुद्धी आणि आठवणी हृदयात असत. मेल्यावर ते हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि मात या सत्यदेवतेचं पीस दुसऱ्यात. तराजू अनुबिस हा देव सांभाळतो, निकाल थोथ हा देव लिहून घेतो. हृदय जड भरलं तर मगरीच्या तोंडाची अम्मित ही राक्षसीण ते खाऊन टाकते, आणि त्या माणसाचा परलोक संपला! आपलंच हृदय ऐनवेळी आपल्याविरुद्ध बोलेल ही धास्तीही होती. म्हणून ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत, त्यावर हृदयाला गप्प राहण्याची विनवणी कोरलेली. मला सगळ्यात माणसासारखी वाटते ती हीच गोष्ट.

हा न्यायनिवाडा चित्रात पाहायचा तर ब्रिटिश म्युझियममधला आनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस (लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी) शोधा. तो ‘मृतांच्या पुस्तका’पैकी, म्हणजे मृताला परलोकात उपयोगी पडावेत म्हणून सोबत ठेवलेल्या मंत्रांपैकी आहे. पण हे काही एकच ठरीव पुस्तक नव्हे. गुंडाळीगणिक मंत्रांची निवड बदलते. काही गुंडाळ्या तर आधीच लिहून ठेवत आणि नावाची जागा कोरी सोडत.

आता पुरावा ताडून पाहा. ग्रीक लेखक हिरोडोटस म्हणतो, प्रेत सत्तर दिवस नेट्रॉन या खारात ठेवत. आजचे अभ्यासक वाळवायला साधारण चाळीस दिवस धरतात. सत्तर दिवस लागत ते सगळा विधी मिळून. दोन्ही लिहा आणि हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकातला, शिवाय परदेशी, हेही लिहा. प्रत्यक्ष ममी काय सांगते तेही बघा : दुसरा रामसेस या राजाच्या नाकपुड्यांत काळे मिरे सापडले. मिरीची वेल मूळची आपल्या पश्चिम घाटाकडची, त्यामुळे हा धागा सोडू नका.

थडगं उघडणारे मरतात या तुतनखामेनच्या ‘शापा’वर फार पानं घालवू नका. खोदकामाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नारव्हन १९२३ मध्ये वारले खरे, पण थडगं शोधणारे हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगले. कार्टरच्या डायऱ्या ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. ४ नोव्हेंबर १९२२ ची नोंद उघडा : थडग्याच्या पहिल्या पायऱ्या सापडल्या, एवढंच.

जमलं तर खरी ममी पाहून या. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात एक आहे. पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या आणि फोटो चालतो का, ते दारावरच विचारा.