कातळशिल्पं बघायला सहकुटुंब जाताय? आधी उन्हाची वेळ साधा

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पं (खडकात कोरलेली प्राचीन चित्रं) बघून आलेले बरेच लोक "तिथे काही फारसं दिसलंच नाही" असं सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. ते बारा वाजता गेलेले असतात.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात कातळ शेवाळाने निसरडा होतो आणि पाऊस सरल्यावर काही दिवस गवत रेषा झाकून टाकतं. पाणी, टोप्या, छत्र्या भरपूर घ्या, सड्यावर झाड नसतं. लहानांचं शू-शी गावातच उरकून वर चढा.

एका दिवसात दोनच ठिकाणं करा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. पाच-सहा ठिकाणं एका दिवसात उरकायचे जे कार्यक्रम सुचवले जातात, त्यांतली मधली सगळी ठिकाणं रणरणत्या उन्हात येतात आणि मुलं कंटाळून गाडीतच बसून राहतात. माझी शिफारस सकाळी उक्षी आणि संध्याकाळी कशेळी. उक्षीचा हत्ती गावकऱ्यांनी कठडा घालून जपलाय. आजी-आजोबांनाही तो कडेला उभं राहून नीट बघता येतो. मधल्या वेळात पावस गाव करा, जेवा, मग कशेळीच्या कनकादित्याचं दर्शन घ्या.

आता मुख्य गोष्ट, उजेड. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, कातळावर पुन्हा पुन्हा जाऊनच कळलं. ही चित्रं रंगवलेली नाहीत, जांभा दगडात कोरलेली आहेत. खाच उथळ, आणि हजारो वर्षांत तिचा रंग आजूबाजूच्या दगडासारखाच झालेला. म्हणजे डोळ्याला जी रेष दिसते ती खाचेत पडलेली सावली असते. सूर्य डोक्यावर आला की खाच उजेडाने भरून जाते आणि अख्खा हत्ती समोर असून दिसत नाही. म्हणून सकाळी साधारण साडेसात ते नऊ, किंवा दुपारी साडेचारनंतर सूर्य मावळेपर्यंत. या वेळा सोडून जाऊ नका, मग कुणी काहीही सांगो.

वेळ साधली तरी उभं कुठे राहायचं हे महत्त्वाचं. फोटो काढायच्या सवयीने आपण सूर्य पाठीशी घेतो. इथे उलट करा, सूर्याकडे तोंड करा. खाचेची सूर्याकडची भिंत सावलीत असते आणि ती तुमच्याच दिशेला वळलेली असते, त्यामुळे रेष काळी, ठसठशीत उठते. मग चित्राला सावकाश प्रदक्षिणा घाला. एका बाजूने नुसता दगड वाटलेल्या जागी दुसऱ्या बाजूने मासा दिसतो. मुलांना आधी काही सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. ती मोठ्यांच्या आधी शोधतात.

उशीर झालाच, तर छोट्या आकृतीपुरता एक उपाय आहे. दोघांनी चादर ताणून चित्रावर सावली धरायची. तिसऱ्याने सावलीबाहेर उन्हात बसून हातातला आरसा जमिनीलगत धरायचा आणि उजेड कातळावरून आडवा सोडायचा. रेषा लगेच उठतात. फक्त आरशाची तिरीप कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आणि खडू, रांगोळी, चुना यातलं काहीही रेषांत भरू नका. "फोटो छान येतो" म्हणून हा सल्ला अजूनही दिला जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. जांभा सच्छिद्र आहे, भरलेली पूड आत जाऊन बसते. भरणारा माणूस स्वतःच्या अंदाजाने रेष ओढतो आणि पुढच्या प्रत्येकाला मूळ चित्राऐवजी त्याचा अंदाज दिसतो. चित्रावरून चालूही नका, चपला काढूनसुद्धा नाही.

वाटेसाठी फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. गावातल्या घरी विचारा, जमलं तर वाट दाखवायला तिथलाच कुणी सोबत घ्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. बऱ्याच जागा खाजगी आहेत, तेव्हा परवानगीही तिथेच विचारून होते.

कशेळीला घाई नको. तिथला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, एका नजरेत मावत नाही. सोंडेपासून सुरुवात करून बाह्यरेषेच्या बाहेरून चालत जा, म्हणजे आकार कळतो. मग त्याच्या अंगावरच्या लहान लहान आकृत्या बघा. या शिल्पांची वयं अजून नेमकी ठरलेली नाहीत, पण अभ्यासक त्यांतली जुनी शिल्पं मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दहा हजार वर्षांच्या आसपास मागे नेतात. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा नाही, मग काढणाऱ्याने तो पाहिला कुठे? हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि उत्तर देण्याची घाई करू नका.

2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली. त्यांत उक्षी आणि कशेळीबरोबर बारसू, देवीहसोळ, जांभरुण, रुंढेतळी, देवाचे गोठणे, मालवणकडचं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ आहे. दुसरा दिवस हाताशी असेल तर देवाचे गोठणे निवडा आणि सोबत होकायंत्र घ्या. तिथल्या मनुष्याकृतीजवळ सुई चुकीची दिशा दाखवते. होकायंत्र आधी लांब धरून उत्तर दिशा नीट बघून ठेवा, मग हळूहळू जवळ न्या.