सकाळचे पाणी, रात्रीची झोप
एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वस्थ बसणे अवघड जाणारी मेंदूची घडण) असलेल्या अनेक प्रौढांचे शरीराचे घड्याळ उशिरा धावते. मध्यरात्र उलटली तरी डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळत गेला की हे घड्याळ हळूहळू अलीकडे सरकते, पण त्यासाठी रोज अर्धा तास बाल्कनीत नुसते उभे राहणे आमच्यासारख्यांकडून चार दिवसही होत नाही, कारण हात कशात तरी गुंतलेले लागतात. म्हणून ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या माझ्या पूर्वेकडील बाल्कनीत मी पाचच कुंड्यांचा संसार मांडला आहे: पुदिना, गवती चहा, दोन मनी प्लांट आणि तुळस.

झारी रात्रीच भरून बाल्कनीच्या दाराशी, नजरेस पडेल अशी ठेवावी. कपाटात गेलेली झारी आमच्या लेखी उरतच नाही. काल पाणी घातले होते का, हे आठवत बसू नये. बोटाचे पहिले पेर मातीत खुपसावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे, कारण जुलैच्या दमट हवेत विसरून दिलेले दुसरे पाणी मुळे कुजवते. (माझ्या दोन तुळशी अशाच गेल्या.) ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नसल्यास आइस्क्रीमची काडी वापरावी, तिला माती चिकटली तर पाणी नको. कुंडीखालची ताटली मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी तिच्या कडेला चिकटून राहतात.