थंडीत उललेले हात कसे बरे करावेत? सोलापूरच्या कोरड्या हवेसाठी एक मार्गदर्शक

सोलापुरात थंडी तशी बेताचीच. जानेवारीत पहाटे कधी १०-१२ अंशांपर्यंत गारठा पडतो आणि दुपारी पारा पुन्हा तिशीला टेकतो. तरीही दिवाळी उलटली की हात खरखरीत होतात, पेरांवर पांढरट रेषा उमटतात आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कितीतरी जणींच्या अंगठ्याला रक्त दिसेल अशी भेग पडलेली असते. याला थंडीपेक्षा कोरडी हवा जास्त कारणीभूत आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसाळा संपला की हवेतला ओलावा झपाट्याने कमी होतो आणि ही हवा कातडीतलं पाणी ओढून घेते.

कातडीचा सगळ्यात वरचा थर किल्ल्याच्या तटासारखा असतो. मृत पेशी म्हणजे दगड आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. साबण आणि सोडा हा चुना धुऊन नेतात. मग आतलं पाणी उडून जातं, थर कडक होतो आणि बोट वाकवलं की तडकतो. तळहातावर आणि तळपायावर तेलग्रंथी मुळातच नसतात, त्यामुळे हा चुना परत भरायला तिथे वेळ लागतो.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. कोणतं क्रीम आणलं यापेक्षा ते कधी लावलं, याने जास्त फरक पडतो. कोरड्याठाक हातावर महागडं क्रीम चोळण्यापेक्षा ओलसर हातावर साधी पेट्रोलियम जेली लावलेली चांगली.

आधी नुकसान थांबवा

सोलापुरात बऱ्याच भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे पाण्याच्या दिवशी हौद भरणं, धुणं, भांडी, फरशी हे सगळं एकाच दिवशी उरकावं लागतं आणि हात तासन् तास पाण्यात आणि साबणात राहतात. भेगा वाढतात त्या बहुतेक याच दिवशी. शक्य असेल तर पाणी त्या दिवशी भरून ठेवा आणि फरशी, जाड कपडे अशी कामं दुसऱ्या दिवसावर ढकला. घरातल्या इतरांनी त्यातलं निम्मं काम उचललं तर उत्तमच. हात सगळ्यांनाच असतात.

धुणं-भांड्यांसाठी रबरी हातमोजे घाला, पण आत पातळ सुती हातमोजे हवेत. नुसत्या रबरात हाताला घाम येतो आणि ओल कोंडून कातडी आणखी बिघडते. एका वेळी १५-२० मिनिटांच्या वर घालू नका. आत पाणी शिरलं तर लगेच काढा. भांड्यांना तारेची घासणी वापरत असाल तर भेगा भरेपर्यंत ती बाजूला ठेवा.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण जास्त साबण घेतो. या पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा चिकट साका होतो आणि तो हातावर राहतो. साबण कमीच घ्या आणि हात जरा जास्त वेळ खळखळून धुवा. अंगठी काढूनच हात धुवा, कारण तिच्याखाली साबण साचतो आणि तिथेच खाज सुटते.

हात धुण्याची पद्धत

पाणी कोमट असावं. थंडीत कडकडीत पाण्यात हात घातले की बरं वाटतं खरं, पण गरम पाण्याने स्निग्धपणा लवकर धुऊन जातो. कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल आणि वर अल्क) साधारण ५ च्या आसपास. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा ९-१० असतो आणि कपड्यांची पावडरही अल्कधर्मीच. म्हणून हात-तोंड धुवायला ५.५ पीएच लिहिलेला, बिनवासाचा सौम्य साबण मिळाला तर घ्या. पुसताना रगडू नका. मऊ टॉवेलने टिपा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

ओल असतानाच लावा

हात टिपल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लागलं पाहिजे. डबी कपाटात ठेवली तर हे होत नाही, म्हणून एक मोरीजवळ आणि एक ओट्याजवळ ठेवा. किती लावायचं? ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरभर क्रीम एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरतं. नखांच्या कडा आणि पेरांवरच्या घड्या विसरू नका. भेगा बहुतेक तिथूनच सुरू होतात.

दिवसा ग्लिसरीन असलेलं क्रीम सोयीचं, फार चिकट होत नाही. कातडी जाड आणि खरखरीत झाली असेल, पण उघडी भेग नसेल, तर १० टक्के युरिया असलेलं क्रीम चांगलं काम करतं. उघड्या भेगेवर मात्र युरिया झोंबतो. तिथे पेट्रोलियम जेलीच बरी. ती स्वस्त असते, तिला वास नसतो आणि तिची ॲलर्जी क्वचितच होते.

नुसतं ग्लिसरीन कोरड्या हातावर चोळू नका. हवेत ओलावा नसेल तर ते कातडीच्या आतलंच पाणी वर ओढतं. त्यात थोडं पाणी मिसळा आणि वरून जेलीचा किंवा तेलाचा हात फिरवा. ग्लिसरीन आणि लिंबू हा जुना उपाय घरोघरी आहे, पण भेगेत लिंबू आग करतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या हातावर ऊन पडलं तर काळे डाग राहू शकतात. लिंबू वगळा.

तेलांपैकी खोबरेल चांगलं. करडई तर आपल्याच रानातली. तिच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडीचा तो चुना बांधायला ते उपयोगी पडतं. घाण्याचं करडईचं तेल घरात असेल तर ओल्या हाताला दोन थेंब चोळून पाहा. मोहरीचं तेल काहींच्या कातडीला चुरचुरतं, ते टाळलेलं बरं. कोकमाचं तेल घट्ट वडीच्या रूपात मिळतं. ते वाटीत किंचित कोमट करून भेगेवर बसवायचं. गार झालं की ते पुन्हा घट्ट होतं आणि वर टिकून राहतं.

रात्रीचा उपचार

दिवसभर चिकट हाताने काम होत नाही, हे विड्या वळणाऱ्या बायकांना कुणी सांगायला नको. तेंदूपान भिजवून ओलसर ठेवलेलं असतं. त्याची कड कात्रीने कापायची, तंबाखू भरून पान वळायचं आणि टोक बोटाने आत दाबायचं. हे सगळं अंगठा आणि तर्जनीच्या टोकावर. म्हणूनच तिथली कातडी आधी कडक होते आणि मग उभी उलते. तेलकट बोटातून पान निसटतं, त्यामुळे कामाच्या वेळी मलम चालत नाही. टॉवेल-चादरीच्या मागावर सुताने बोटं घासतात, त्यांचीही अडचण हीच. भाकरी थापतानाही तेच, भेगेत ज्वारीचं पीठ जाऊन बसतं आणि काढताना दुखतं. अशा सगळ्यांसाठी खरा उपचार रात्रीचा.

सगळी कामं उरकली की कोमट पाण्यात हात ५-१० मिनिटं बुडवून ठेवा. पाण्यात मीठ, साबण, सोडा काहीही घालू नका. हात टिपा. भेगेच्या दोन्ही ओठांवर आणि आत पेट्रोलियम जेलीचा जाड थर बसवा, बाकी हातावर नेहमीपेक्षा दुप्पट लावा. वर स्वच्छ सुती हातमोजे घालून झोपा. हातमोजे नसतील तर जुने धुतलेले सुती पायमोजेही चालतात. असे माखलेले हातमोजे घालून गॅसजवळ किंवा शेकोटीजवळ जाऊ नका, जेली मुरलेलं कापड पटकन पेट घेतं.

सकाळी कामाला लागण्यापूर्वी खोल भेगेवर जेलीचा एक ठिपका लावा आणि वरून छोटी चिकटपट्टी गुंडाळा. बोट वाकलं तरी भेगेचे ओठ फाकत नाहीत, आणि भरून येण्यासाठी तेच गरजेचं असतं. पट्टी ओली झाली की बदला.

हे रोज केलं तर दुखणं दोन-तीन दिवसांत कमी होतं. भेग भरायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. भरल्यावर थांबू नका. थंडी सरली तरी सोलापूरची हवा कोरडीच राहते, दुपारी तर मार्च-एप्रिलमध्ये ती आणखी कोरडी होते.

हे करू नका

भेगेत मेणबत्तीचं गरम मेण ओतणं किंवा झटपट चिकटणारा गोंद लावणं, दोन्ही बंद करा. मेणाने भाजतं, गोंदाने आतली घाण आतच राहते. भेगेच्या कडेची सुटलेली कातडी दाताने किंवा ब्लेडने काढू नका. साखर-मिठाने घासू नका. आणि मेडिकलमधून “खाजेचं मलम द्या” म्हणून ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पुढे कातडी पातळ होते आणि बुरशी असेल तर ती वाढते.

पाणी भरपूर प्यावं हे बरोबर, पण नुसतं पाणी पिऊन हाताच्या भेगा भरत नाहीत.

डॉक्टरकडे कधी जायचं?

भेगेभोवती लालसर सूज आली, पू दिसला, ठणका लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. मधुमेह असेल तर साध्या भेगेलाही वेळ घालवू नका, आणि हात बुडवण्याआधी पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा, कारण मधुमेहात बोटांना चटका कळेनासा झालेला असू शकतो. एकाच हाताला कोरडेपणा असून दोन्ही तळपायांना तसाच असेल तर ती बुरशी असण्याची शक्यता असते. पाण्यासारखे बारीक फोड आणि खाज असेल तर इसब असू शकतं. जाड, चांदीसारखे पापुद्रे निघत असतील तर सोरायसिस. यांचे उपचार वेगळे आहेत. गवंडीकाम करणाऱ्यांच्या हाताच्या भेगा सिमेंटमधल्या क्रोमियमच्या ॲलर्जीनेही पडतात आणि त्या नुसत्या मलमाने जात नाहीत.

वर सांगितलेलं सगळं नेमाने करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना रोज वापरता त्या साबणाचं, पावडरीचं वेष्टन आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा बरोबर न्या. हाताने दिवसभर काय काम करता हेही सांगा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.