पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांचा संघर्ष कसा अभ्यासावा

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा अभ्यास 30 जानेवारी 1649 रोजी झालेल्या त्याच्या शिरच्छेदापासून सुरू करू नये. शेवट आधी डोळ्यांसमोर ठेवला की सारा इतिहास त्याच दिशेने चालला होता असे वाटू लागते, आणि 1642 मध्ये त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाही त्याचा जीव घ्यायचा नव्हता, ही मोलाची गोष्ट नजरेतून सुटते.

सुरुवात पैशापासून करावी. चार्ल्स 1625 मध्ये गादीवर आला, तेव्हा आयात-निर्यातीवरील जकात राजाला हयातभरासाठी मंजूर करण्याचा प्रघात होता. पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या कॉमन्स सभागृहाने मात्र ती एकाच वर्षापुरती देऊ केली. त्यानंतर युद्धखर्चासाठी सक्तीचे कर्ज, ते नाकारणाऱ्यांना कैद आणि 1628 चा हक्कांचा अर्ज असा क्रम लावावा. अर्जातल्या प्रत्येक मागणीसमोर तिच्यामागची तक्रार लिहावी, म्हणजे पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नको आणि कारण न सांगता कैद नको, ही वाक्ये कोणाच्या सोसण्यातून आली ते कळते.

1629 पासून 11 वर्षे राजाने पार्लमेंटविना कारभार केला. या काळातील जहाजपट्टीवर अधिक वेळ द्यावा. संकटसमयी किनारपट्टीवर बसवायचा हा कर 1635 मध्ये अंतर्भागातील परगण्यांवरही लादला गेला. जमीनदार जॉन हॅम्पडेनने तो नाकारला आणि 12 पैकी 7 न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. पण पाच जण विरुद्ध गेल्याने हा विजय राजाला महागात पडला, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडवर 1637 मध्ये नवे प्रार्थनापुस्तक लादल्यामुळे बंड झाले, बंडामुळे युद्ध आणि युद्धामुळे 1640 मध्ये पुन्हा पार्लमेंट. 4 जानेवारी 1642 रोजी कॉमन्समधील आपल्या पाच विरोधक सदस्यांना पकडण्यासाठी राजा सशस्त्र माणसे घेऊन सभागृहात आला, तेव्हा सभापती लेंथॉलने गुडघे टेकून सांगितले की, सभागृहाच्या आज्ञेवाचून आपल्याला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. आदर आणि नकार एकाच कृतीत कसे सामावले होते, हे येथे शांतपणे पाहावे.

त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले; त्यातील लढायांत फार अडकू नये. राजाच्या सैन्याचा मोठा पराभव झालेली 1645 ची नेजबीची लढाई पुरेशी आहे. खरे लक्ष 1646 ते 1648 या काळाकडे द्यावे. पराभूत राजा पार्लमेंट, तिच्या बाजूने लढलेले सैन्य आणि स्कॉट या तिघांशी वाटाघाटी करत राहिला, आणि डिसेंबर 1647 मध्ये कॅरिसब्रुक किल्ल्यात कैदेत असताना त्याने स्कॉटांशी गुप्त करार केला. त्यातून दुसरे यादवी युद्ध पेटले आणि सैन्याचा त्याच्यावरील विश्वास संपला. डिसेंबर 1648 मध्ये सैनिकांनी अनेक सदस्यांना सभागृहाच्या दारातच अडवले आणि उरलेल्यांनीच राजावर खटला भरला, म्हणून ‘पार्लमेंटने राजाला मारले’ असे सरसकट लिहू नये.

तारखा नोंदवताना सावध राहावे. तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष 25 मार्चला सुरू होत असल्याने 59 जणांच्या सह्या असलेल्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर 1649 ऐवजी 1648 हे वर्ष आढळते.

खटल्यातील आरोपपत्र आणि राजाचे बोलणे शेजारी ठेवून वाचावे. कोणत्या कायदेशीर अधिकाराने मला येथे आणले, हे विचारत त्याने आरोपांना उत्तर देणेच नाकारले. कायद्याविना कर वसूल करणाऱ्या राजाने हा प्रश्न विचारावा, हे खटकते. तरीही प्रश्न बिनतोड होता, आणि न्यायासनावर बसलेल्या ब्रॅडशॉला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले का, हे वाचकाने मूळ संवाद वाचूनच ठरवावे.