चोपत्याला नोव्हेंबरात जाताय? आधी पायाखालचं बघा

आपल्या सोलापूरकरांना बर्फ माहीत तो उसाच्या रसातला. त्यामुळे नोव्हेंबरात उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथचं मंदिर आणि त्याच्या वरचं चंद्रशिला शिखर चढायला निघालेली मंडळी स्वेटर मोजून घेतात, पण पायांचा विचार करत नाहीत. खरा धोका पांढऱ्या बर्फाचा नसतोच. ओघळाचं पाणी रात्री फरसबंद वाटेवर गोठतं, त्याचा काचेसारखा पापुद्रा होतो आणि तो नुसता ओला दगड वाटतो. सावलीतल्या वळणावर दगड चमकला की थांबा, काठीनं ठोकून बघा, कडेच्या गवतावरून किंवा खडबडीत मातीवरून जा.

बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे (मायक्रोस्पाइक्स) घ्याच. ते घरीच बुटांवर चार वेळा चढवून-काढून बघा. पहाटे चारला, हातमोज्यांत, टॉर्चच्या उजेडात शिकायची ती गोष्ट नव्हे. कोरडा दगड लागला की काढा, नाहीतर पाय मुरगळतो.

पावलं छोटी, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. उतरताना जास्त जपा, कारण गुडघे थकलेले असतात आणि लक्ष खालच्या चहाकडे. सूर्योदयाचा हट्ट सोडता आला तर उत्तमच. उन्हं वाटेवर आल्यावर निघालात तर निम्मा त्रास वाचतो.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे झाकण मोकळं राहतं. खायला? कडक भाकरी आणि शेंगाचटणी. थंडीत चॉकलेट दगड होतं, भाकरी आधीच कडक असते.