माफातच्या दरीत उतरण्याआधी

रेयुनियोंला जाणारे बहुतेक जण जिवंत ज्वालामुखी बघून परत फिरतात. सह्याद्रीत पाय मुरलेले असतील तर माफातसाठी तीन दिवस राखून ठेवा. हे फ्रेंच बेट मॉरिशसहून विमानाने पाऊण तासावर. माफातच्या दरीत मात्र गाडीरस्ता नाहीच. आत काहीशे लोक राहतात, त्यांचं सामान हेलिकॉप्टरने येतं. आपण पायी जायचं.

आधी नकाशा पसरा. मधोमध पितों दे नेज, 3,070 मीटरचा विझलेला ज्वालामुखी. त्याच्या कुशीत खचून आणि झिजून तीन अजस्र दऱ्या झाल्यात: ईशान्येला सालाझी, दक्षिणेला सिलाओस, वायव्येला माफात. वारा येतो आग्नेयेकडून आणि पाऊस पूर्वेलाच सांडतो. महाबळेश्वर चिंब आणि वाई कोरडी, तेच गणित. म्हणून सालाझीच्या कड्यांवर धबधबेच धबधबे आणि माफात त्यामानाने उघडं.

आता किलोमीटर विसरा. वाड्या लहानलहान पठारांवर आहेत आणि दोन वाड्यांमध्ये हमखास घळ. समोरची घरं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण आधी ओढ्यापर्यंत उतरायचं, मग तेवढंच चढायचं. समोच्च रेषा मोजा आणि वेळ चढ-उतारावर धरा. सोपी वाट कोल दे बो खिंडीची: सुमारे 1,950 मीटरवरून ला नूव्हेल वाडीला, साधारण दोन तास. सकाळी लवकर निघा. दुपारकडे सालाझीचे ढग खिंडीवरून आत ओघळतात आणि समोरचा कडाही दिसेनासा होतो.

कातळ ओळखीचा वाटेल, आणि ते उगाच नाही. या बेटाखालच्या तप्त झोतानेच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खन लाव्ह्याने भरलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. पण इथला डोंगर कोवळा आहे, राख आणि ढिसूळ दगडांचे थर जागोजाग. आपल्याकडच्यासारखी बिनधास्त खोबण धरू नका.

मार्ला ते रोश प्लात या दोन वाड्यांमधल्या वाटेवर त्रुवा रोश लागतं. माफातमध्ये एकच जागा बघायची असेल तर ही. नदी सपाट कातळावर पसरलेली, उघडिपीत जेमतेम घोटाभर. मोठमोठ्या धोंडी, त्यांच्यामधून वळसे घेत पाणी एका अरुंद चिरेत घुसतं आणि गडप होतं. आवाज पायाखालून येतो, धबधबा मात्र वाटेवरून धड दिसतच नाही. वाकून बघायचा मोह आवरा. काठ घासून गुळगुळीत झालाय आणि कठडा नाही. पाणी गढूळलं किंवा चढायला लागलं तर नदी ओलांडू नका, वाडीत मुक्काम वाढवा.

पावसाची थट्टा नको. 1966च्या जानेवारीत याच बेटावर फोक-फोकला 24 तासांत 1,825 मिलिमीटर पडला, तो जागतिक विक्रम. वादळांचा मोसम डिसेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर उत्तम, फक्त मार्लाला रात्री दात वाजतात, जॅकेट हवंच.

मुक्कामाची घरं आधी बुक करा. जेवायला भात, घेवडा नाहीतर मसूर आणि सॉसेजचं तिखट रुगाय मिळेल. शाकाहारींनी बुकिंग करतानाच सांगावं. आत एटीएम नाही, युरो रोख न्या. बाहेर पडायला आलेलीच वाट कशाला? मार्लाहून 2,080 मीटरची ताइबी खिंड चढून सिलाओसला उतरा. तिथून समुद्राकडे बस मिळते.