लॉकिंग हब बदलताय? आधी अ‍ॅक्सल मोजा, या चुका टाळा

जुन्या जीपचे, जिप्सीचे किंवा एखाद्या फोर बाय फोर पिकअपचे पुढचे लॉकिंग हब घ्यायला गेल्यावर दुकानदाराने फक्त "गाडी कोणती?" एवढेच विचारून खोके पुढे सरकवले, तर पैसे काढण्यापूर्वी थांबावे. हब गाडीच्या नावावर बसत नाही, तो अ‍ॅक्सलच्या टोकावर बसतो. आणि तीस-चाळीस वर्षे चाललेल्या, तीन-चार मालकांच्या हातांतून गेलेल्या गाडीखाली मूळचाच अ‍ॅक्सल शिल्लक असेल, असे आर.सी. बुकावरून कधीच सांगता येत नाही. चुकीच्या खरेदीची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

हबचे काम नेमके काय, ते आधी स्पष्ट करून घेऊ, कारण पुढची प्रत्येक चूक त्याच्याशी जोडलेली आहे. लॉकिंग हबचा बाहेरचा भाग बोल्टने चाकाच्या हबला पक्का असतो आणि आतली कडी अ‍ॅक्सलच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकावर कोरलेल्या लांबट दात्यांवर, बसलेली असते. डायल ‘लॉक’वर फिरवली की दात्यांची एक सरकती कडी स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि या दोन भागांना जोडते. ‘फ्री’वर ती मागे सरते, चाक आपल्या बेअरिंगवर सुटे फिरते आणि अ‍ॅक्सल, क्राउन-पिनियन (मधले गिअर), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (त्यांना फिरवणारा लांब दांडा) हे सगळे जागच्या जागी थांबून राहतात. अमेरिकेत १९४८ साली सिअ‍ॅटलमध्ये आर्थर वॉर्न यांनी असे हब बनवायला सुरुवात केली, ती युद्धातून उरलेल्या जीप रोजच्या रस्त्यावर चालवता याव्यात म्हणून. त्या जीपना मुळात हब नव्हतेच. चाक आणि अ‍ॅक्सल कायमचे जोडणारी साधी ड्राइव्ह फ्लँज होती आणि ती काढून त्या जागी हब बसवला जाई. पुढे आपल्याकडे महिंद्रांनी ज्या विलीज जीपची जुळणी केली, ती याच घराण्यातली.

हबच बिघडला आहे, हे आधी सिद्ध करा

पुढच्या चाकांना ओढ लागत नाही म्हटले की दोष हबवर टाकला जातो. पुष्कळदा तो खराही असतो, पण तपासल्याशिवाय नवा हब आणू नये. पुढची दोन्ही चाके उचलून गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नीट टेकवावी, नुसत्या जॅकवर ठेवू नये, आणि मागच्या चाकांना ओट (चाक अडवणारा ठोकळा) लावावी. इंजिन बंद ठेवून गाडी फोर-एच (चारही चाकांना ओढ देणारी स्थिती) आणि पहिल्या गिअरमध्ये टाकावी, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवला जातो. आता दोन्ही हब लॉक करून डावे चाक हाताने पुढे फिरवले की उजवे चाक मागे फिरले पाहिजे, कारण दोन चाकांमधला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) उघडा, म्हणजे लॉक न होणारा, आहे. तसे ते फिरले तर दोन्ही हब धरत आहेत आणि दोष ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) बाजूला शोधावा. डावे फिरते आणि उजवे हलत नाही, असे असेल तर कुठला तरी एक हब धरत नाही किंवा आतला सांधा गेलेला आहे. अशा वेळी झाकण काढून डायल फिरवावी. सरकती कडी पूर्ण पुढे येते की नाही, ते डोळ्यांनी दिसते.

याच परीक्षेत अनेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट उघड होते. एका बाजूचा हब धरत नसेल तर दुसऱ्या बाजूचा हब कितीही चांगला असला तरी पुढच्या अ‍ॅक्सलची ओढ शून्य होते, कारण उघडा डिफरन्शियल सगळी फिरकी त्या सुट्या बाजूला वाया घालवतो. उसाच्या रानात रुतलेली एक जीप आम्ही ट्रॅक्टरने ओढून काढली होती. चालकाने चिखलात उतरण्याआधी डावा हब लॉक केला होता आणि उजवा तसाच फ्रीवर राहिला होता. त्या जीपच्या हबमध्ये काहीच दोष नव्हता, तरीही दुसऱ्या दिवशी मालक नव्या हबची किंमत विचारत होते.

डायल घट्ट झाली, एवढ्यावरूनही हब टाकून देऊ नये. आत घट्ट झालेले जुने ग्रीस, पाणी शिरून आलेला गंज किंवा रेतीचे दोन कण एवढ्यानेही डायल अडते. हब उघडून रॉकेलने धुवावा, दाते भिंगाखाली पाहावेत. दात्यांची टोके गोल झाली असतील, कडांना तुकडे उडालेले असतील किंवा कडीत केसाएवढी जरी चीर दिसली, तर मात्र तो हब संपला असे समजावे.

गाडीच्या नावाने खरेदी

जिप्सी १९८५ साली आली आणि तीन दशकांहून अधिक काळ विकली गेली. एवढ्या काळात तिचे इंजिन बदलले, चाकांमधले अंतर बदलले. जीपचे तर विचारूच नका. विलीजच्या जुन्या, डॅना कंपनीच्या २५ आणि २७ अ‍ॅक्सलच्या टोकाला १० स्प्लाइन असतात, तर डॅना ३० ला २७. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या जीपच. म्हणून हब मागण्याआधी जुना हब उतरवावा, अ‍ॅक्सलचे टोक चिंधीने कोरडे करावे, एका दात्यावर खडूची खूण करून दाते मोजावेत आणि उलट्या बाजूने पुन्हा मोजावेत. दोन वेळचा आकडा जुळला तरच कागदावर लिहावा. त्यानंतर व्हर्निअरने टोकाचा बाहेरचा व्यास घ्यावा, कारण दाते सारखे आणि व्यास वेगळा, अशी गाठ पडू शकते. मग बोल्टची संख्या, समोरासमोरच्या दोन बोल्टमधले अंतर आणि सर्क्लिपची (टोकावर बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खाच टोकापासून किती आत आहे, ते पाहावे.

बोल्टच्या आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. विलीजच्या वंशातल्या जीपवर इंची आटे सापडतात, जिप्सीवर मेट्रिक. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टशेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही. पण आट्यांचे अंतर वेगळे असल्याने तो दोन-तीन फेरे हाताने जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की चाकाच्या हबमधले आटे जातात आणि दोन-पाचशे रुपयांच्या बोल्टपायी लेथवरचे काम वाढते. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जात नसेल, तर तो त्या भोकाचा बोल्ट नव्हे.

माझी स्वतःची चूक याहून साधी होती. मी दाते मोजले, बोल्ट मोजले, आणि अ‍ॅक्सलचे टोक चाकाच्या हबच्या सपाट तोंडाबाहेर किती येते, हे मोजायचे राहून गेले. नवा हब अलगद बसला, डायल लोण्यासारखी फिरत होती. बोल्ट आवळू लागलो तशी ती जड होत गेली आणि शेवटच्या बोल्टला तर पूर्ण अडली. झाकण उतरवून पाहिले तेव्हा आतल्या बाजूला पितळी चकतीच्या मधोमध नखाएवढा चकचकीत ठिपका उमटलेला होता. अ‍ॅक्सलचे टोक तिथे टेकत होते. मेकॅनिकने सुचवल्याप्रमाणे दोन पॅकिंग लावून आम्ही ते भागवले, आणि पहिल्याच ओढ्यात त्या दुहेरी पॅकिंगमधून पाणी आत गेले. शेवटी तो हब परत करून आमच्या मापाचाच हब शोधावा लागला. तेव्हापासून ते माप मी कागदावर सर्वांत वर लिहितो. बोल्ट आवळतानाही प्रत्येक दोन बोल्टनंतर डायल लॉक–फ्री करून पाहतो. ती जड होऊ लागली की आवळणे थांबवायचे आणि कारण शोधायचे.

गाडीला बाजारातली अलॉय चाके असतील तर चाकाच्या मधल्या भोकाचा व्यासही घ्यावा. हबचा घेर त्यातून निघत नसेल, तर पंक्चर काढण्यासाठी दर वेळी हब उतरवावा लागतो.

ऑटो हब काढून मॅन्युअल लावताना

ऑटो लॉकिंग हब (आपोआप जुळणारे आणि सुटणारे) वारंवार बिघडतात म्हणून हाताने फिरवायचे मॅन्युअल हब लावण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. उलट्या फिरकीने सुटणारे ऑटो हब तीव्र उतारावर, नेमके इंजिन ब्रेकिंगची गरज असते तेव्हाच, साथ सोडू शकतात. पण हा बदल म्हणजे चार बोल्टांचे काम नव्हे. बऱ्याच ऑटो हबमध्ये बेअरिंगचा नट, त्याची लॉक प्लेट आणि हबची कॅम ही एकाच जुळणीचा भाग असतात. ऑटो हब काढला की बेअरिंग धरून ठेवणारी वस्तूच निघून जाते. म्हणून मॅन्युअल हबसोबत त्याच अ‍ॅक्सलसाठीचे नट आणि वॉशर येतात की नाही, हे विचारून घ्यावे. हब व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर मोकळ्या राहणाऱ्या नळ्या बंद कराव्यात. त्या उघड्या ठेवल्या की व्हॅक्यूम गळते आणि पाणी ओढले जाते.

मजबुतीचा हिशेब

महाग हब म्हणजे मजबूत हब, असे समीकरण नाही. डायलचे झाकण मिश्रधातूचे किंवा अगदी प्लास्टिकचे असले तरी बिघडत नाही, कारण त्यावर ओढीचा भार येत नाही; भार येतो आतल्या कडीवर आणि दात्यांवर, आणि ते चांगल्या पोलादाचेच हवेत. स्वस्तातल्या बनावट मालात नेमकी इथेच आधी काटकसर केलेली असते. वॉर्न, जपानचे आयसिन किंवा ब्राझीलचे एव्हीएम अशा ओळखीच्या बनावटीचे, आपल्या मापाचे हब मिळत असतील तर तेच घ्यावेत. मात्र बारीक अ‍ॅक्सलवर सर्वांत दणकट हब बसवला, तर तुटण्याची जागा फक्त आत सरकते, एवढे लक्षात ठेवावे. हब तुटला तर घाटात अर्ध्या तासात बदलता येतो. चाकामागच्या चेंडूच्या आकाराच्या स्टिअरिंग नकलमधला (चाक वळवणाऱ्या भागातला) सांधा तुटला तर गाडी तिथेच राहते.

बसवताना

लॉकिंग हब उतरलेला असतानाच चाकाचे बेअरिंग पाहून घ्यावे. चाक वर-खाली धरून हलवले आणि खडखड जाणवली, तर आधी बेअरिंग नीट करावे, नट गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या पद्धतीने बसवावा आणि लॉक वॉशरची जीभ दुमडावी. ढिल्या बेअरिंगवर चाक डुलते, त्याबरोबर हबचे दाते अ‍ॅक्सलवर घासतात आणि नवा हबही वर्षभरात जुन्यासारखा होतो. हब वारंवार जातात अशी तक्रार असलेल्या गाड्यांत मी सर्वांत आधी हेच पाहतो.

ग्रीसच्या बाबतीत उदारपणा नको. बेअरिंग ग्रीसने भरायचे असते, हब नव्हे. हबच्या आत ठासून भरलेले जाड ग्रीस सरकत्या कडीला अडवते, स्प्रिंगचा जोर कमी पडतो आणि दाते अर्धवटच धरतात. अर्धवट धरलेले दाते पहिल्याच चढणीला तुटतात. बोटाने पातळ थर द्यावा. ओ-रिंग आणि पॅकिंग नवेच वापरावे, आणि जुने बोल्ट पुन्हा लावू नयेत. फोर बाय फोरमध्ये पुढच्या चाकाची सगळी ओढ या बोल्टांनी दाबून धरलेल्या जोडातून जाते, म्हणून ते टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर, समोरासमोर आवळावेत आणि आठवड्याभराने पुन्हा तपासावेत.

डायल हातानेच फिरवावी. ती अडली तर पक्कड लावण्याऐवजी गाडी हातभर पुढे-मागे घ्यावी, म्हणजे दाते समोरासमोर येतात. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर चालवल्यावर हब सुटत नसेल, तर तो अ‍ॅक्सलमध्ये साठलेला पीळ असतो. टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ओढ) टाकून काही फूट सरळ मागे घेतले की तो उतरतो. आणि पावसाळ्यात नव्या हबसह पहिला ओढा ओलांडल्यानंतर घरी येऊन दोन्ही झाकणे एकदा उघडावीत. ग्रीस दुधाळ दिसले तर पाणी बाहेरून शिरले आहे, ओ-रिंग बदलावी. ग्रीस पातळ होऊन तेलासारखे वाहत असेल तर गळती आतल्या सीलची आहे, आणि ती हब कितीही वेळा बदलला तरी थांबणार नाही.